दहा लाखांत एक : रुग्णांच्या नोंदवह्यांचा इतिहास, यवतच्या वाटेवरून

धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघते आणि यवतला काळभैरवनाथाच्या मंदिरात मुक्कामाला येते. त्या रात्री यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात, आणि ती पंगत पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. एवढ्या गर्दीत एखादी आजी चुकली, तर ध्वनिक्षेपकावरून नुसते तिचे नाव पुकारून भागत नाही. त्या नावाच्या आज्या शेकड्याने असतात. म्हणून दिंडीचा क्रमांक सांगतात, रथापुढची अमुक किंवा रथामागची तमुक. लाखोंच्या जमावातला एक माणूस त्या क्रमांकामुळे सापडतो.

आता हाच प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात नेऊन पाहू. यवत ज्या दौंड तालुक्यात आहे तो आणि भीमेपलीकडचा शिरूर, या दोन्ही तालुक्यांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या मिळून आठ लाखांच्या आत भरते. समजा, एखादा आजार दहा लाखांत एकालाच होतो. म्हणजे या दोन तालुक्यांत त्याचा एखादाच रुग्ण असेल, किंवा एकही नसेल. जो असेल त्याच्या गावातल्या डॉक्टरांनी तसा दुसरा रुग्ण कधी पाहिलेला नसेल, आणि बहुधा पुढेही पाहणार नाहीत. अशा माणसाला दिंडी नाही. त्याला शोधायचे कसे?

आजच्या धाग्यात आपण अशाच एका आजारांच्या कुळाकडे जाणार आहोत : मेदपेशींचे दुर्मीळ, आनुवंशिक विकार. वैद्यकात त्यांना लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात.

आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंमध्ये स्थान दिले होते. आधुनिक वैद्यकाने मात्र चरबीकडे बराच काळ निव्वळ अडगळ म्हणून पाहिले. ती नकोशी आहे, साठते, उतरवायची असते, एवढेच. पण जन्मतःच ज्याच्या अंगात चरबी साठवायची जागाच नसते, त्याचे काय होते? खाल्लेल्या अन्नातली स्निग्धता मग यकृतात आणि स्नायूंत शिरते. यकृत फुगते, रक्तातील ट्रायग्लिसराइड्स भयंकर वाढतात, इन्शुलिन भरपूर असूनही ते काम करत नाही आणि कोवळ्या वयात मधुमेह जडतो. वर भूक एवढी की शमतच नाही, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे संप्रेरक चरबीच तयार करते, आणि इथे चरबीच नाही. हा झाला सर्वांगाचा प्रकार.

दुसरा, अंशतः होणारा प्रकार अधिक फसवा असतो. त्यात वयात येताना हातापायांची चरबी ओसरते, शिरा आणि स्नायू उठून दिसू लागतात, आणि चेहरा-मान मात्र भरत जाते. मुलीच्या बाबतीत निदान दुसऱ्याच एखाद्या संप्रेरक-विकाराकडे वळते. मुलाच्या बाबतीत तर कुणाला शंकाही येत नाही. तालमीची पायरी न चढताही तालमीतला देह लाभला म्हणून घरचे कौतुकच करतात.

या आजारांचा लिखित इतिहास सुट्या सुट्या माणसांचा आहे. लंडनचे आर. डी. लॉरेन्स यांनी १९४६ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन छापले. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत त्यांनी ब्रिटनमधल्या मधुमेहींची संघटना उभी केली होती. ब्राझीलमध्ये बेरार्दिनेली यांनी १९५४ मध्ये आणि नॉर्वेत सायप यांनी १९५९ मध्ये जन्मजात प्रकाराची मुले नोंदवली. अंशतः प्रकाराची कुटुंबे स्कॉटलंडमध्ये डनिगन यांना १९७४ मध्ये आणि जर्मनीत कोबर्लिंग यांना १९७५ मध्ये सापडली. देश वेगळे, भाषा वेगळ्या, आणि प्रत्येकाच्या पदरी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच रुग्ण. एक डॉक्टर एक निबंध लिहितो, तो ग्रंथालयात जातो, आणि पुढचा डॉक्टर तो वाचेपर्यंत वीस वर्षे उलटतात. ही विखुरलेली पाने एकत्र शिवायची, तर एक सामाईक वही हवी.

ती वही मुळात आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा पहिला मान नॉर्वेकडे जातो. १८५६ मध्ये तिथे कुष्ठरुग्णांची देशव्यापी नोंद सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाचे नाव, गाव आणि आजाराची हकीकत पाठवायची आणि ती एका ठिकाणी लिहिली जायची. पुढे त्या वहीत आठ हजारांहून अधिक माणसे नोंदली गेली. बर्गेन शहरात गेऱ्हार्ड आर्माउर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला हे आपण शाळेत वाचतो. हा आजार रक्ताने उतरतो की संसर्गाने पसरतो, या वादात त्यांच्या हाताशी सूक्ष्मदर्शकाखेरीज या नोंदवहीचाही पुरावा होता, ही गोष्ट मात्र शाळेत कुणी सांगत नाही. बर्गेनची ती दप्तरे २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटलावर आहेत.

आणि इथे महाराष्ट्राचा धागा येतो. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या १८५८ च्या प्रख्यात ग्रंथातली चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर नंतर मुंबई इलाख्यात नोकरीला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शिकवले, काही वर्षे तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. इथल्या कुष्ठरुग्णांना पाहून त्याला नॉर्वेच्या व्यवस्थेचे कुतूहल वाटले. १८७३ मध्ये तो तिथे जाऊन आला, आणि हिंदुस्थानच्या संदर्भासह लिहिलेला त्याचा अहवाल १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या चित्रांवरून जगभरचे विद्यार्थी शरीरशास्त्र शिकले, तो साताऱ्याचा डॉक्टर रुग्णांच्या वह्या पाहायला उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेला. मराठी वाचकाला ही हकीकत आजवर फारशी कुणी ऐकवली नाही, याचे नवल वाटते.

पण नोंदवहीची दुसरी बाजू झाकून पुढे गेलो तर तो इतिहास ठरणार नाही. नॉर्वेत १८७७ आणि १८८५ च्या कायद्यांनी कुष्ठरुग्णांवर विलगीकरणाची सक्ती आली. वहीत ज्याचे नाव, त्याच्याच दारात अधिकारी. आपल्याकडे १८९८ मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट आला. त्याआधी १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने कित्येक जमातींची नावे सरकारी वहीत चढली. पुढे त्या कायद्याखाली हजेरी हा शब्द माणसांच्या मानेवरचे जोखड झाला. आणि १८९७ चे पुणे तर आपल्याला पाठ आहे. प्लेगच्या रुग्णांचा शोध घ्यायला सोल्जर घरांत शिरले, संशयितांना इस्पितळात आणि नातेवाइकांना छावणीत नेले गेले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. आजाराची नोंद द्यायला आपली माणसे कचरतात, तेव्हा त्या संकोचाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. मला त्यात पूर्वजांची आठवण दिसते.

तरीही गावाला नोंद नवी नव्हती. ब्रिटिश अमदानीपासून गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची वही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. अलीकडे जातीच्या नोंदी शोधताना अनेक तरुणांनी ही पिवळी, मोडी लिपीतली पाने पहिल्यांदा हाताळली. जन्म आणि मृत्यू या दोन टोकांमध्ये त्या माणसाला काय झाले होते, हे मात्र त्या वहीतून फारसे कळत नाही.

एखादी साधी वही किती काळाने बोलू लागते, त्याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे आणि ते पुढे पुण्याला येऊन मिळते. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्यपर्यवेक्षिकेच्या देखरेखीखाली १९११ पासून प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि एक वर्षाचे वजन वहीत टिपले जाई. बाळ नीट वाढावे एवढाच हेतू. सत्तरेक वर्षांनी डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती त्या वह्या लागल्या. त्यांनी त्या बाळांचा, म्हणजे आता म्हाताऱ्या झालेल्या किंवा वारलेल्या माणसांचा माग काढला. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५६५४ पुरुषांच्या नोंदी पाहून १९८९ मध्ये त्यांनी दाखवले की बालपणी ज्यांचे वजन कमी, त्यांना पुढे हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त. बर्नसाइडबाईंना याची कल्पनाही नसणार.

आता यवतच्या रस्त्यावर परत येऊ. पुणे-सोलापूर महामार्ग धरून पूर्वेला गेले की सोलापूर जिल्ह्यात एका फाट्याने बार्शी लागते. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदवही मुंबईत डॉ. दाराब जुस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये सुरू झाली होती. पण ती शहरातली. शहरात रुग्ण इस्पितळात येतो, इस्पितळाच्या दप्तरातून नाव मिळते. खेड्यातला रुग्ण इस्पितळात पोहोचतच नसेल, तर वही कोरी राहते आणि कोरी वही पाहून सरकार म्हणते, खेड्यात हा आजार नाही.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, डॉ. बी. एम. नेने आणि टाटा मेमोरियलचे साहाय्य, असा तो योग. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत घेतली गेली. रुग्ण येत नाही म्हटल्यावर नोंदवहीच गावात गेली. कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव फिरत, चावडीवर बसत, लोकांना लक्षणे समजावत आणि कुणाला गाठ आहे, कुणाला रक्तस्राव होतो हे विचारत. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली : स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर तपासणीला येऊ लागल्या. निव्वळ मोजायला गेलेल्या माणसांनी मोजता मोजता आजाराची वेळ बदलली.

पुढे याच पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची तपासणी झाली नव्हती, यावर नंतर कडक टीकाही झाली. ती टीका मला रास्त वाटते. वहीत नाव असलेल्या माणसाचे वहीवाल्यावर काही ऋण असते.

दुसरी वाट भीमेपलीकडची. शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या इतिहासात त्या गावाचे आणखी एक स्थान आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढू परिसरातल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि आजारपण घरोघरी जाऊन सातत्याने नोंदवले जाऊ लागले.

चरबीचा प्रश्न मात्र याच रुग्णालयाच्या दुसऱ्या कामातून उजेडात आला. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या ग्रामीण भागातल्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला. सहकारी होते सदम्प्टनचे, म्हणजे बार्करांच्याच घराण्यातले. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जात, पाळीची तारीख टिपत; गर्भ राहिला की आहार, काम, वजन, सारे लिहीत. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन होते ४१.७ किलो. बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत त्याची मापे घ्यायची : वजन, लांबी, दंड, पोट आणि खांद्याच्या पात्याखालची त्वचेची घडी.

ती घडीच महत्त्वाची ठरली. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, सदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनाच्या मानाने आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र तितकी कमी नाही. किडकिडीत दिसणारे मूल आत मेद राखून जन्माला येते. २००३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि बारीक दिसणाऱ्या पण मेदयुक्त भारतीय देहाची कल्पना जगभरच्या चर्चेत आली. पुढच्या वर्षी याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्त कुणाची, हे सांगायला नको.

आता दुर्मीळ आणि सर्वसामान्य यांची गाठ कुठे पडते ते पाहा. आपल्यातल्या लाखो सडपातळ माणसांना मधुमेह का होतो, या कोड्याचे एक उत्तर असे सुचवले जाते की कातडीखाली चरबी सुरक्षित साठवायची आपली क्षमता तोकडी. ती भरली की उरलेला मेद यकृताकडे वळतो. लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णात हीच गोष्ट टोकाला गेलेली असते. दहा लाखांत एक असलेला तो माणूस उरलेल्यांच्या आजाराचा नकाशा अंगावर घेऊन फिरतो, आणि त्याची नोंद न होणे हे त्याच्या एकट्याचे नुकसान राहत नाही.

त्याच्या एकट्याचे नुकसान किती, तेही एका आकड्यावरून समजते. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधले, तेच भूक शमल्याचा निरोप देणारे संप्रेरक. लठ्ठपणावर रामबाण सापडला म्हणून मोठा गाजावाजा झाला आणि लठ्ठ माणसांवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग काहींना सुचले, ज्यांच्याकडे चरबीच नाही त्यांना ते देऊन पाहावे. २००२ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्ण किती? नऊ. चार महिन्यांत त्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स लक्षणीय उतरली, यकृताची सूज ओसरली. त्या अभ्यासाच्या लेखकांत डॅलसचे डॉ. अभिमन्यू गर्ग होते, दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले. जगभरातून अशा कुटुंबांची माहिती वर्षानुवर्षे जमवण्याचे काम त्यांनी केले आहे, आणि जन्मजात प्रकारामागच्या जनुकांपैकी एक त्यांच्याच गटाने २००२ मध्ये ओळखले. अमेरिकेत या औषधाला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. नऊ माणसे एका खोलीत आणता आली म्हणून हे घडले.

युरोपातल्या डॉक्टरांनी तर यासाठी देशादेशांची मिळून एक वहीच उघडली. तिची रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अशा वहीत काय लिहितात? आजार कधी दिसला, शरीराच्या कोणत्या भागातली चरबी गेली, कोणत्या जनुकात बदल आहे, साखर किती, यकृत कसे, घरात आणखी कुणाला. नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक असतो, आणि रुग्णाने लेखी संमती दिल्याशिवाय पान उघडत नाही. ती संमती त्याला मागेही घेता येते. १८५६ च्या वहीत आणि या वहीत मला दिसणारा सर्वांत मोठा फरक हाच.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दुर्मीळ आजारांची नोंदवही २०१७ मध्ये जाहीर केली आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आले. अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला आजार दुर्मीळ. युरोपात दहा हजारांत पाचांपेक्षा जास्त नसलेला. जपानमध्ये पन्नास हजारांहून कमी रुग्णांचा. आपल्या धोरणात असा आकडा नाही. किती लोकांना काय होते याची माहितीच पुरेशी नाही, म्हणून संख्येवर आधारलेली व्याख्या करता येत नाही, असे ते धोरणच सांगते. सरकारी कागदावर एवढा प्रांजळपणा क्वचित आढळतो.

या धोरणाखाली निवडलेल्या केंद्रांत महाराष्ट्रातले केईएम आहे ते मुंबईचे, परळचे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएमशी गल्लत करू नये. दोन्ही नावे राजे सातवे एडवर्ड यांचीच.

यवतच्या एखाद्या घरातून तिथवर जायचे झाले, तर कागदांच्या पिशवीबरोबर आजीलाही सोबत न्यावे लागेल. जन्मजात प्रकारात आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, आणि ज्या घरांत मामाची मुलगी सून होऊन येते तिथे ती शक्यता वाढते. कुणाची आत्या कुठे दिली होती, कोणते मूल लहानपणीच गेले, कुणाचे हात काठीसारखे होते आणि पोट पुढे आलेले, हे कुठल्याच दप्तरात लिहिलेले नाही. ते सारे तिला तोंडपाठ असते.